बिंजोरचे सात लाडू : साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका घासाचा लखनौमध्ये झालेला तपास

लखनौच्या चारबाग स्थानकावरून परतीची गाडी पकडणारा प्रवासी रेवडीचा पुडा घेतल्यावाचून सहसा निघत नाही. तीळ आणि साखर किंवा गूळ, एवढ्याच सामग्रीचा हा खाऊ. महाराष्ट्रातल्या तिळगुळाचा उत्तरेकडचा भाऊच म्हणावा असा. चविष्ट, खिशात मावणारा, दिवसेंदिवस टिकणारा आणि पोटाला आधार देणारा. असे पदार्थ माणूस केव्हापासून वळू लागला, या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर याच शहरात, चारबागहून गोमती ओलांडून गेल्यावर विद्यापीठ मार्गावर लागणाऱ्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत मिळाले. ते उत्तर जितके रोचक आहे, तितकेच ते कसे वाचावे याचा धडाही महत्त्वाचा आहे.

उत्तर राजस्थानात, पाकिस्तानच्या सीमेजवळ, घग्गरच्या कोरड्या पात्रालगत बिंजोर नावाचे स्थळ आहे. पुरातत्त्वज्ञ त्याला ‘४ एमएसआर’ या नावानेही ओळखतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथे केलेल्या उत्खननात २०१७ मध्ये एक विलक्षण संच हाती आला. तपकिरी रंगाचे, जवळजवळ एकसारख्या आकाराचे सात गोळे, त्यांच्यासोबत बैलाच्या दोन मूर्ती आणि तांब्याचे एक हत्यार. काळ हडप्पा संस्कृतीचा, सुमारे इ.स.पू. २६००. त्या गोळ्यांवर एखादी कठीण रचना कोसळली आणि तिच्या आडोशाने ते शाबूत राहिले, असा उत्खननकर्त्यांचा अंदाज. अन्न हा पुरातत्त्वातला सर्वांत नाशवंत पुरावा. हाडे उरतात, खापरे उरतात, जळालेले दाणे उरतात. पण माणसाने हाताने वळलेला, तयार झालेला पदार्थ क्वचितच उरतो.

हे गोळे नेमके कशाचे, हे डोळ्यांनी सांगता येत नव्हते. पाण्याशी संपर्क आला की त्यांचा लगदा जांभळा होई, यामुळे गूढ वाढलेच. आरंभी मांसाची शंका होती. सोबतच्या मूर्तींमुळे कसल्यातरी विधीची शक्यताही बोलली गेली. नमुने लखनौला पोहोचले. राजेश अग्निहोत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकीय, जैवरासायनिक आणि स्थिर समस्थानिकांचे परीक्षण करून काढलेले निष्कर्ष २०२१ मध्ये ‘जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल सायन्स : रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गोळ्यांत जव होते, गहू होता, हरभरा होता, काही तेलबिया होत्या आणि मुगासारखी कडधान्येही होती. प्रथिनांचे प्रमाण लक्षणीय होते. शोधनिबंधाने त्यांना ‘अन्नगोळे’ म्हटले. वृत्तपत्रांनी त्यांचे ‘लाडू’ केले.

हा तपास लखनौमध्ये व्हावा, यामागे पाऊण शतकाचा इतिहास आहे. बिरबल साहनी हे जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक. त्यांनी १९४६ मध्ये ही संस्था स्थापन केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. त्या कोनशिलेत निरनिराळ्या काळांतले जीवाश्म जडवलेले आहेत. त्यानंतर अवघ्या एका आठवड्यात, १० एप्रिलला, साहनींचे निधन झाले. संस्था उभी करण्याचे काम त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी पुढे नेले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांचे ठसे वाचणाऱ्या या संस्थेत हळूहळू एक वेगळी शाखा रुजली : माणसाने पेरलेल्या, दळलेल्या आणि खाल्लेल्या वनस्पतींचा अभ्यास, म्हणजेच पुरावनस्पतिशास्त्र.

या शाखेचे आरंभीचे एक मोठे नाव विष्णु मित्रे. त्यांच्या कामाचा एक धागा थेट पुण्याशी जुळतो. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी पन्नाशीच्या दशकात नर्मदाकाठी महेश्वरसमोरच्या नावडाटोली येथे उत्खनन केले. तेथील मातीत सापडलेल्या जळक्या दाण्यांची ओळख पटवण्याचे काम लखनौच्या विष्णु मित्रे यांनी केले, आणि तो अहवाल डेक्कन कॉलेजने १९६१ मध्ये छापला. गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, लाख, जवस अशी ती यादी वाचताना एखाद्या वाण्याच्या दुकानातली पोतीच समोर मांडल्यासारखी वाटतात. गव्हाची पोळी, मुगाची आमटी, जवसाची चटणी हे पदार्थ त्या वस्तीत होते असे म्हणता येणार नाही. पण त्यांची सामग्री साडेतीन हजार वर्षांपूर्वी त्या घरांत होती, हे मात्र निश्चित.

पुढे १९६८ पासून १९८३ पर्यंत पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे प्रदीर्घ उत्खनन चालले. सांकलिया यांच्याबरोबर म. के. ढवळीकर यांनी त्या कामात महत्त्वाचा वाटा उचलला. महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांचे एवढे तपशीलवार चित्र दुसऱ्या कोणत्याही स्थळाने दिलेले नाही. येथे मुख्य पीक जवाचे होते. सोबत गहू, मसूर, वाटाणा आणि कुळीथ. गुरे, शेळ्या-मेंढ्या, हरणे आणि मासे यांची हाडेही मुबलक मिळाली. आज त्याच जिल्ह्यात हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, शेंगोळे लसणाच्या फोडणीत शिजवून चवीने खाल्ले जातात. पाककृती तीन हजार वर्षे जुनी आहे असा याचा अर्थ नाही. पीक आणि माणूस यांची सोबत मात्र तितकी जुनी आहे.

आता प्रश्न असा, की मातीत मिसळलेल्या घासातून प्रयोगशाळा एवढे सारे वाचते कसे?

पहिली वाट सूक्ष्मदर्शकाची. पिष्टाचे कण प्रत्येक वनस्पतीत वेगळ्या आकाराचे असतात. ध्रुवित प्रकाशात, दोन ध्रुवक काटकोनात ठेवून पाहिले असता कच्च्या पिष्टकणावर काळा क्रूस दिसतो, कारण त्याच्या आत रेणूंची स्फटिकासारखी मांडणी असते. पाण्यात शिजवले की ही मांडणी विस्कटते आणि क्रूस नाहीसा होतो. म्हणजे एखादा कण कोणत्या धान्याचा, एवढेच नव्हे, तर तो शिजलेला होता का, याचाही सुगावा लागू शकतो. याच मार्गाने हरयाणातल्या फरमाणा येथील भांड्यांत आणि दातांवरच्या किटणात हळद आणि आले यांचे अवशेष ओळखले गेले. फरमाण्याचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाले होते. पिष्टकणांचे काम अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांचे. साडेचार हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जेवणात केवळ पोटाची भर नव्हती, चवीचीही जाण होती, याचा तो थेट पुरावा.

दुसरी वाट समस्थानिकांची. हवेतल्या कार्बनमध्ये बहुतांश अणू कार्बन-१२ चे आणि शंभरात एखादा कार्बन-१३ चा असतो. गहू, जव, तांदूळ, हरभरा, मूग या वनस्पती प्रकाशसंश्लेषणाच्या वेळी जड अणूला अधिक टाळतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका त्याला तितके टाळत नाहीत. म्हणून दोन्ही गटांच्या अन्नाची कार्बन-सही निराळी असते. नायट्रोजनचे गणित वेगळे : अन्नसाखळीत एक पायरी वर चढले की जड नायट्रोजन-१५ चे प्रमाण सहस्रांशी सुमारे तीन ते चार भागांनी वाढते. त्यामुळे गोळा धान्याचा की मांसाचा, या प्रश्नावर नायट्रोजन साक्ष देऊ शकतो. अर्थात ही साक्षही उलटतपासणीशिवाय स्वीकारता येत नाही. शेणखत घातलेल्या शेतातले धान्य नायट्रोजन-१५ चे प्रमाण वाढवून मांसाचा आभास निर्माण करू शकते, आणि हजारो वर्षे मातीत पडलेल्या पदार्थाची रासायनिक घडणही बदलते. म्हणूनच एकाच पद्धतीवर न विसंबता तीन-चार पद्धतींचे निष्कर्ष जुळतात का, हे पाहावे लागते. बिंजोरच्या बाबतीत तसे केले गेले.

निष्कर्षांतली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे तृणधान्य आणि कडधान्य यांची सांगड. गहू-जवाच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. कडधान्यांत ते भरपूर असते, पण मेथिओनिन कमी पडते. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. तेलबियांनी त्यात स्निग्धता आणि उष्मांक यांची भर पडते. लायसिनचा शोध १८८९ मधला आणि मेथिओनिनचा १९२० च्या दशकाच्या आरंभीचा. साडेचार हजार वर्षांपूर्वी हे ज्ञान कोणालाही असणे शक्य नव्हते. तरीही ही सांगड भारतभर दिसते : वरण-भात, खिचडी, पुरणपोळी, पिठले-भाकरी, इडली. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात उडदाच्या ‘इडरिका’चे वर्णन आहे.

रसायनशास्त्र नसताना ही निवड झाली कशी? याचे एक उत्तर शेतीत आहे. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. तृणधान्यापाठोपाठ किंवा त्याच्या पाटात कडधान्य घेणाऱ्या शेतकऱ्याची जमीन लवकर थकत नाही. जे शेतात शेजारी राहिले ते ताटातही शेजारी आले. दुसरे उत्तर जिभेवर आहे. कच्चे पीठ कोणाला आवडत नाही. तेच पीठ कोरडे किंवा तुपात भाजले की घरभर दरवळ सुटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिल मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली अभिक्रिया ती हीच : शर्करा आणि अमिनो आम्ले उष्णतेने एकमेकांशी जुळतात आणि शेकडो सुगंधी संयुगे जन्मतात. अमिनो आम्लांवाचून ही अभिक्रिया होत नाही, आणि डाळीच्या पिठात त्यांची वाण नसते. बेसनाचा लाडू खमंग लागतो त्यामागे हे रहस्य आहे. म्हणजे पोषण आणि रुची येथे एकमेकांच्या विरोधात उभी नाहीत. एकाच सामग्रीतून दोन्ही उपजतात.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात या तत्त्वाचे सर्वांत देखणे रूप म्हणजे भाजणी. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे हे सारे वेगवेगळे भाजून एकत्र दळायचे आणि त्याचे थालीपीठ लावायचे. मेतकूटही त्याच कुळातले. बाळंतिणीसाठी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, शाळकरी मुलांसाठी मुगाचे लाडू, ही सारी घरे एकाच गोष्टीची साक्ष देतात : औषध म्हणून नव्हे, तर आवडते म्हणून खाल्ले जाणारे पौष्टिक अन्नच पिढ्यान्‌पिढ्या टिकते. यातली ज्वारी, बाजरी आणि नाचणी मूळची आफ्रिकेतली, तर हरभरा पश्चिम आशियातला. ‘आपले’ म्हणून जे ताट मिरवले जाते, ते जगभरच्या शेतकऱ्यांच्या देवघेवीतून भरलेले आहे.

येथवरची कथा सुखद आहे. पण बिंजोरच्या गोळ्यांना प्रसिद्धी मिळताच त्यांच्यावर त्यांना न पेलणारे ओझे टाकले गेले. ‘हडप्पावासी शाकाहारी होते’, ‘त्यांना प्रथिनांचे शास्त्र ठाऊक होते’, असे निष्कर्ष हिरिरीने मांडले जाऊ लागले. त्याआधी वर्षभर, फेब्रुवारी २०२० मध्ये, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्राचीन भारतीय अन्नावरील कार्यक्रमाच्या ताटातून मांसाहारी पदार्थ वगळले गेले होते आणि त्यावरून वाद पेटला होता. म्हणजे प्राचीन ताट हा केवळ अभ्यासाचा विषय उरलेला नव्हता.

पुरावा काय सांगतो? अक्षयेता सूर्यनारायण आणि सहकाऱ्यांनी वायव्य भारतातल्या हडप्पाकालीन भांड्यांत मुरलेल्या स्निग्ध पदार्थांचा अभ्यास केला. त्यात डुकराच्या, गुराढोरांच्या आणि शेळ्या-मेंढ्यांच्या मांसाचे, तसेच दुग्धजन्य पदार्थांचे अंश आढळले. गुजरातमधल्या कोटडा भादली येथील खापरांवर कल्याण चक्रवर्ती यांच्या गटाने २०२० मध्ये केलेल्या कामातून इ.स.पू. २५०० च्या सुमाराचा दुधाच्या वापराचा पुरावा पुढे आला. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर माशांची आणि जनावरांची हाडेही विपुल मिळतात. एका जागी सापडलेले सात गोळे त्या सात गोळ्यांविषयी बोलतात. दहा लाख चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेल्या संस्कृतीच्या रोजच्या जेवणाविषयी नव्हे. शिवाय बैलांच्या मूर्तींशेजारी ठेवलेले गोळे जेवण होते की नैवेद्य, हा प्रश्न खुलाच आहे. श्राद्धातला पिंडही गोळाच असतो, पण त्यावरून रोजचे जेवण ठरवता येत नाही. ते गोड होते का, हेही सिद्ध झालेले नाही. ‘लाडू’ हा शब्द त्यांच्या अंगी नसलेला गोडवा त्यांना नकळत चिकटवतो.

‘जुने ते आरोग्यदायी’ या समजुतीला तर याच दाण्यांच्या यादीतून उत्तर मिळते. नावडाटोलीच्या यादीत लाख आहे. तिलाच उत्तरेत खेसारी म्हणतात. अवर्षणातही तग धरणारी, स्वस्त आणि चवीला चांगली अशी ही डाळ प्राचीन काळापासून मध्य भारतात पिकते. तिच्यात मज्जातंतूंना अपाय करणारे एक अमिनो आम्ल असते. इतर अन्नाबरोबर अधूनमधून खाल्ली तर सहसा बाधत नाही. पण दुष्काळात महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय कायमचे लुळे पडू शकतात. १८३० च्या दशकात सागर भागात असे घडल्याची नोंद विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने केली. हाच स्लीमन पुढे लखनौचा रेसिडेंट झाला. १९६१ मध्ये भारतात या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. हजारो वर्षांची परंपरा लाख डाळीलाही आहे आणि मुगालाही. दोहोंतला भेद परंपरेने सांगितलेला नाही. तो निरीक्षणाने, मापनाने आणि रुग्णांच्या नोंदींनी सांगितला. आणि ज्यांचे पाय गेले ते अज्ञानी होते म्हणून गेले नाहीत. त्यांच्या ताटात दुसरे काही उरले नव्हते म्हणून गेले.

या मुद्द्याला आजचा संदर्भ आहे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आहेत, आणि १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या देशात साडेचार हजार वर्षांपूर्वी धान्य, डाळ आणि तेलबिया एकत्र वळल्या गेल्या, त्याच देशात आज असंख्य घरांत भात किंवा पोळी असते आणि डाळ मात्र पातळ होत जाते. पूर्वजांच्या शहाणपणाचा गौरव केल्याने ही डाळ दाट होत नाही. शाळेच्या आहारात, अंगणवाडीच्या पुड्यात, रेशनच्या दुकानात कडधान्य आणि तेलबिया किती पोहोचतात, आणि त्यातून शिजलेले अन्न मुले आवडीने खातात की टाकून देतात, हे मोजावे लागते. पोषणाच्या तक्त्यात अचूक बसणारे पण ताटात उरणारे अन्न कोणाचेही पोषण करत नाही. चव ही चैन नव्हे. ती पोषणाची पहिली अट आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने बिंजोरच्या गोळ्यांकडून घ्यायचे ते हेच. त्यांनी सांगितले ते पुष्कळ आहे : हडप्पाकाळातल्या कोणीतरी जव, गहू, हरभरा, मूग आणि तेलबिया एकत्र करून, हातावर घेऊन, एकसारखे सात गोळे वळले. त्यांनी सांगितले नाही ते त्यांच्या तोंडी घालण्याची गरज नाही. जीवाश्मांनी जडवलेली कोनशिला असलेल्या लखनौच्या त्या वास्तूत गेली पाऊणशे वर्षे हेच काम चालत आले आहे : दाणा काय सांगतो ते ऐकायचे, आणि तो थांबला की आपणही थांबायचे. बाकी चारबागला गाडीची वाट पाहताना हातातली रेवडी खुशाल खावी. तिच्या तिळात चुना आहे, स्निग्धांश आहे, साखरही पुष्कळ आहे. आणि ती खाण्यासाठी तिला पाच हजार वर्षांची वंशावळ जोडण्याचे कारण नाही.